दोराचें खालचें टोक

शहरांत एखादें मोठें झाड उतरविण्याचें काम चालू झालें कीं पाहणाऱ्यांची गर्दी जमते, आणि सर्वांच्या माना वर झालेल्या असतात. फांदीवर बसलेला गडी, त्याच्या हातांतील करवत, दोराला लोंबकळणारा ओंडका, हें सारें दृश्य वरच घडत असतें. आणि जें उंचावर घडतें तेंच धोक्याचें, अशी माणसाची स्वाभाविक समजूत असते. परंतु त्या दोराला एक खालचें टोकही असतें. ओंडका अंगणांत अलगद टेकेल कीं शेजारच्या कौलांतून आंत जाईल, हें तें टोक कोठें व कसें धरलें आहे यावर ठरतें. वर बसलेल्या गड्याचा जीवही पुष्कळदां त्यावरच अवलंबून असतो. या खालच्या टोकाकडे मात्र गर्दीपैकीं क्वचितच कोणी पाहतो.

रानांत झाड पाडणें तुलनेनें सोपें. बुंध्याशीं खांच घेतली, मागून करवत चालविली आणि मोकळ्या बाजूस झाड आडवें केलें, कीं काम संपलें. शहरांत अशी मोकळी बाजू नसते. एकीकडे घर, दुसरीकडे विजेच्या तारा, तिसरीकडे कुंपणाची भिंत व चौथीकडे रहदारीचा रस्ता, अशा चौकटींत वाढलेलें चिंचेचें किंवा विलायती शिरिषाचें झाड शेंड्याकडून बुंध्याकडे तुकड्या-तुकड्यानें उतरवावें लागतें. तोडावयाच्या तुकड्याला दोर बांधतात. तो दोर एखाद्या बळकट बेचक्यांत टांगलेल्या कप्पींतून घेऊन खालीं सोडतात. आणि खालीं त्याला कोठें तरी धरून ठेवतात. हें 'कोठें तरी' म्हणजे काय, हाच येथें विचाराचा विषय आहे. या कामासाठीं बुंध्याला बांधावयाचीं धातूचीं खास उपकरणें मिळतात. परंतु जेथें काम करणाऱ्यांजवळ दोर, कप्पी, पहार व घण एवढाच सरंजाम असतो, तेथें जमिनीवरील आधार जागच्या जागीं निर्माण करावा लागतो.

आधारावर किती भार येणार, याचा अंदाज प्रथम घेतला पाहिजे. ओल्या लांकडाचें वजन ढोबळ मानानें तितक्याच आकाराच्या पाण्याइतकें धरावें. मग एक फूट जाडीचा व तीन फूट लांबीचा ओंडका सुमारें ६५ किलो भरतो. जाडी दुप्पट झाली तर वजन चौपट होतें; दोन फूट जाडीचा तेवढ्याच लांबीचा ओंडका २६५ किलोंच्या घरांत जातो. डोळ्यांना हा फरक नीट कळत नाहीं, म्हणून नवख्याची पहिली फसगत येथेंच होते.

दुसरी फसगत याहून मोठी. नुसता टांगलेला ओंडका आणि पडतां-पडतां अडविलेला ओंडका, यांचा ताण सारखा नसतो. हाच ६५ किलोंचा ओंडका कापल्यावर चार फूट मोकळा पडला आणि मग दोरानें त्याला एका फुटांत थांबविलें, तर थांबवितांना दोरावर येणारा सरासरी ताण वजनाच्या पांचपट, म्हणजे सव्वातीनशें किलो होतो. तोच ओंडका दोर सावकाश सोडीत आठ फुटांत थांबविला, तर सरासरी ताण वजनाच्या दीडपटीवर, म्हणजे शंभर किलोंच्या आंत राहतो.

यांत आणखी एका गोष्टीची भर पडते. दोर कप्पीवरून वळून सरळ खालीं येत असेल, तर कप्पीवर दोन्ही बाजूंची ओढ पडते. एका बाजूस ओंडका ओढतो, दुसऱ्या बाजूस तितक्याच जोरानें जमिनीवरील आधार ओढतो. दोरावर सव्वातीनशें किलो ताण असेल, तर कप्पी ज्या बेचक्याला टांगली आहे त्यावर साडेसहाशें किलो येतात. खालचा आधार जितका ताठर, तितका वरचा हिसका मोठा. आणि त्याच खोडाला कमरपट्ट्यानें बांधून घेतलेला गडी तो हिसका अंगावर घेत असतो. तात्पर्य, चांगल्या आधाराचीं कामें दोन: पक्कें धरणें आणि बेतानें सोडणें.

हीं दोन्ही कामें करणारा आधार पुष्कळदां समोरच उभा असतो. तो म्हणजे त्या झाडाचाच बुंधा. दोराचें टोक बुंध्याभोवतीं वेढे देऊन हातांत धरलें कीं साल आणि दोर यांच्यामधील घर्षण बहुतेक भार स्वतःवर घेतें. धक्क्याला लागणारी बोट याच युक्तीनें थांबवितात. खलाशी लोखंडी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देतो आणि एवढें मोठें धूड एकटा आवरतो. अठराव्या शतकांतील स्विस गणिती लेओनार्ड ऑयलर यानें या घर्षणाचा गणिती विचार केला. त्याचें मर्म असें कीं, वेढे वाढवीत गेलें असतां धारणशक्ति गुणाकारानें वाढते. एका वेढ्यानंतर ताणाचा पांचवा हिस्सा हातावर उरत असेल, तर दोन वेढ्यांनंतर पंचविसावा आणि तीन वेढ्यांनंतर सव्वाशेवा हिस्सा उरतो. शंभर किलोंचा ताण दोन वेढ्यांनंतर हाताला अवघा चार किलो लागतो. साल खरखरीत कीं गुळगुळीत, दोर काथ्याचा कीं नायलॉनचा, हवा कोरडी कीं ओली, यांवरून हें प्रमाण बदलतें. नियम मात्र तोच राहतो.

या सोप्या साधनालाही शिस्त लागते. वेढे एकमेकांवर चढूं देऊं नयेत. नाहीं तर दोर स्वतःलाच आवळून बसतो आणि सोडावयाच्या वेळीं सुटत नाहीं. वेढे किती, हें कापण्यापूर्वीं ठरवावें. ओंडका सुटल्यावर आणखी एक वेढा घालण्यास सवड मिळत नाहीं. दोर सोडणाऱ्यानें तो मनगटाला किंवा कमरेला गुंडाळूं नये, आणि पायाशीं पडलेल्या दोराच्या वेटोळ्यांत पाऊल ठेवूं नये. हाताला चार किलो वाटणारा भार वेढे निसटतांच शंभराचा होतो.

परंतु प्रत्येक झाडाचा बुंधा या कामास योग्य नसतो. कोठें खोड भिंतीला इतकें लागून असतें कीं वेढे घालून उभें राहण्यास जागा नसते. कोठें दोर सोडणारा मनुष्य नेमका पडणाऱ्या तुकड्यांच्या खालीं येतो. कोठें बुंधा पोकळ झालेला असतो, आणि अशा झाडावर गडी चढविणेंच चूक. त्याला दुरून दोर लावून इष्ट दिशेस धरावें लागतें. या सर्व वेळीं आधार बुंध्यापासून दूर हवा. जवळ दुसरें निरोगी झाड असलें तर उत्तम. त्याला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर घ्यावा, म्हणजे साल सोलवटत नाहीं. बांधावयाचें तें शक्य तितकें जमिनीलगत. कारण छातीइतक्या उंचीवर बांधलेला दोर खोडाची तरफ करून मुळ्या उपटूं पाहतो. पूर्वीं तोडलेल्या झाडाचा उरलेला बुंधा वरून शाबूत दिसला तरी खालीं कुजलेला असूं शकतो. पहारीचें टोक त्याच्या मुळ्यांशीं खुपसून पाहावें. तें लोण्यांत जावें तसें आंत गेलें, तर त्या बुंध्याचा नाद सोडावा.

दुसरें झाडही नसलें, तर आधार जमिनींतूनच मिळवावा लागतो. ही विद्या तशी कोणाला नवी नाहीं. गोठ्यांत खुंटा पुरणाऱ्या आणि तंबूची मेख ठोंकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला तिचें तत्त्व ठाऊक असतें. मेख ओढीच्या बाजूस कललेली असली तर तणावा तिच्यावरून निसटतो किंवा तिला उपटतो. माथा ओढीच्या उलट बाजूस कललेला असला तर ती टिकते. मेखेची शक्ति ही वस्तुतः तिच्या पुढें असलेल्या मातीची शक्ति होय. ओढ आली कीं मेख त्या मातीवर रेलते, आणि माती सरकेपर्यंत मेख हलत नाहीं. म्हणून मेख जाड हवी, खोल हवी, आणि दोर तिच्या पायथ्याशीं, जमिनीला टेकून बांधलेला हवा. घाईच्या वेळीं लोखंडी पहारच ठोंकून तिला दोर बांधण्याचा मोह होतो. पहार वांकत नाहीं हें खरें; पण ती बारीक असल्यामुळें मऊ मातींतून सुरीसारखी पुढें सरकते.

सैन्यांतील इंजिनियरांनीं या मेखांचे आंकडे काढून ठेवले आहेत. अमेरिकन सैन्याच्या दोरकामावरील पुस्तिकेंत तीन इंच जाड, पांच फूट लांब आणि तीन फूट जमिनींत गेलेली लांकडी मेख धरली आहे; तिचा माथा १५ अंश मागें कललेला असतो. पोयट्याच्या जमिनींत अशी एकटी मेख सुमारें ३१५ किलो ओढ धरते. वर हिशेब केलेल्या ६५ किलोंच्या ओंडक्याचा हिसका सव्वातीनशें किलोंचा होता, हें येथें आठवावें. दिसावयास भक्कम अशी मेख एका बेताच्या ओंडक्याच्या एका हिसक्यालाही पुरी पडत नाहीं.

यावर उपाय म्हणजे मेखांची रांग. पहिल्या मेखेच्या मागें, ओढीच्या नेमक्या रेषेंत, तीन ते सहा फुटांवर दुसरी मेख ठोंकतात, आणि पहिलीच्या माथ्यापासून दुसरीच्या पायथ्यापर्यंत दोराचे पदर घेऊन बांधतात. मग त्या पदरांमध्यें काठी घालून पीळ देतात व काठीचें टोक जमिनींत रोवतात, म्हणजे बांधणी सैल राहत नाहीं. ती माथ्यापासून पायथ्याकडे कां, हें थोड्या विचारानें कळतें. पहिली मेख हरते ती माथ्यानें पुढें झुकून. म्हणून तिचा माथा मागें धरावयाचा. दुसरी मेख सर्वांत बळकट असते ती जमिनीलगत. म्हणून तिच्यावर भार घालावयाचा तो पायथ्याशीं. अशी जोडी सुमारें ६३५ किलो धरते. तिसरी एकेरी मेख जोडली म्हणजे साडेनऊशेंचा आंकडा यावा असें वाटतें. प्रत्यक्षांत तो ८१५ च्या आसपास थांबतो, कारण मागच्या मेखेपर्यंत भार पुरता पोंचतच नाहीं. म्हणून जड कामासाठीं पुढें तीन, त्यांच्या मागें दोन व शेवटीं एक अशी रचना करतात. जेथें भार अधिक तेथें मेखा अधिक. या सहा मेखा मिळून सुमारें १८०० किलो धरतात.

इतकें करूनही ओढीची दिशा चुकली तर सर्व व्यर्थ. माती समोरचा रेटा सहन करते; सरळ वर ओढली जाणारी मेख ती धरून ठेवूं शकत नाहीं. उंच कप्पीवरून येणारा दोर बुंध्याजवळच्या मेखेला थेट बांधला तर ओढ जवळजवळ उभी असते, आणि मेख दांतासारखी उपटून निघते. मेखा दूर नेल्या तर ओढ आडवी होत जाते. कप्पी तीस फूट उंच असेल आणि मेखा साठ फूट दूर असतील, तर दोर जमिनीशीं सुमारें २७ अंशांचा कोन करतो. परंतु शहरांतील अंगण साठ फुटांचें नसतें, आणि असा तिरपा दोर वरच्या बेचक्याला एका अंगास खेंचतो. त्यापेक्षां बुंध्याच्या तळाशीं, करकचून आवळणाऱ्या फासानें, दुसरी कप्पी बांधावी. दोर खोडालगत सरळ खालीं येतो, त्या कप्पींत वळतो आणि जमिनीलगत मेखांकडे जातो. वर उचलणारी ओढ बुंधा घेतो व मेखांच्या वाट्याला केवळ आडवी ओढ येते. मात्र बुंधा निरोगी हवा, आणि या कोपऱ्यावर दोराच्या ताणाच्या सुमारें १.४ पट भार येतो, हें ध्यानांत ठेवून फास तितका बळकट घ्यावा. ओंडके उतरवावयाचे असतील तर दोर मेखेला गाठ मारून बांधूं नये; तेथेंही वेढे देऊन सोडण्याची सोय ठेवावी. गाठ शोभते ती कललेल्या झाडाला धरून ठेवणाऱ्या स्थिर दोराला.

जमिनीची पारख हा या विद्येचा अर्धा भाग आहे. वरचे आंकडे पोयट्याचे आहेत. ओल्या जमिनींत ते घटतात, आणि नदीकांठच्या ओल्या चिकणमाती-वाळूच्या मिश्रणांत निम्म्यावर येतात. देशावरील मुरूम मेखेला चांगला धरतो, पण ती आंत जाण्यास घाम काढतो. काळी माती उन्हाळ्यांत दगडासारखी कठीण असली तरी भेगाळलेली असते. पावसाळ्यांत तीच फुगून मऊ पडते. मे महिन्यांत टिकलेली मेख जुलैंत टिकेल, असें मानूं नये. कोंकणांतील जांभ्यांत लांकडी मेख शिरतच नाहीं. मुंबईसारख्या शहरांत जेथें भर घालून जमीन केलेली आहे, तेथें एका मेखेखालीं माती तर दुसरीखालीं विटांचा चुरा लागतो. शिवाय शहरी जमिनीच्या पोटांत पाण्याचे नळ, विजेच्या तारा व गॅसची नळी असते. तीं कोठून गेलीं आहेत याची खात्री केल्याविना घण उचलूं नये.

जमीन मऊ असून भार मोठा असेल, तर मेखेपेक्षां पुरलेला ओंडका बरा. ओढीच्या दिशेशीं काटकोन करून तीन फुटांहून अधिक खोल चर खणतात. त्यांत एक जाड ओंडका दाराच्या अडसरासारखा आडवा ठेवतात, त्याच्या मध्याभोवतीं दोर घेतात, आणि तो बाहेर येण्यासाठीं ओढीच्या बाजूस एक अरुंद तिरपी खांच कापतात. मग माती टाकून थराथरानें धुमसतात. ओंडक्याच्या पुढची माती मात्र कधीं हलविलेली नसावी. सारा भार तीच घेते. भरलेली माती कितीही धुमसली तरी जुन्या जमिनीची सर तिला येत नाहीं. या आधाराला अर्धा दिवस लागतो. पण जें झाड उतरवावयाचें त्याचाच पहिला ओंडका त्यासाठीं उपयोगी पडतो.

ज्यांना खणण्याचा कंटाळा असतो, त्यांची दृष्टि घराकडे वळते. ओसरीचा खांब, खिडकीचे गज, फाटकाचा खांब, कुंपणाची भिंत, रस्त्यावरील विजेचा खांब, दारांत उभी असलेली मोटार, हीं सर्व तयार आधारांसारखीं दिसतात. परंतु यांपैकीं एकही दोरासाठीं केलेलें नाहीं. विटांची भिंत वरून येणारें ओझें वर्षानुवर्षें वाहते, पण बाजूनें बसलेला हिसका तिला उलथवितो. ओसरीच्या खांबाचें बळ त्याच्यावरील छताच्या भारामुळें असतें. त्याला आडवें ओढणें म्हणजे छतालाच हात घालणें होय. मोटार घसरते, आणि कोणी चुकून ती चालू केली तर वर बसलेल्या माणसाला ओरडण्याइतकाही वेळ मिळत नाहीं.

आधार तयार झाल्यावर त्याची परीक्षा झाली पाहिजे. ज्या दोरावर काम व्हावयाचें त्याच दोराला, त्याच दिशेनें, तीन-चार माणसांनीं मिळून दमानें ओढ द्यावी आणि एकानें मेखांच्या पायथ्याकडे पाहावें. मेखेच्या मागें मातींत फट दिसली किंवा पुढची माती फुगून आली, तर आधार सरकत आहे. पहिला तुकडा लहान कापावा व त्यानंतर पुन्हा पाहावें. काम चालू असतां एका माणसानें केवळ आधारावर लक्ष ठेवावें. ताणलेल्या दोराच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये. मेख उपटली तर ती दोराबरोबर उडून येते, आणि नायलॉनचा दोर लांबून ताण सांठवीत असल्यामुळें ती अधिकच वेगानें येते. दोर जेथें कप्पींत वळतो त्या कोनाच्या आंतील जागा तर सर्वांत वाईट, कारण फास तुटला कीं दोर व कप्पी त्या जागेवरूनच सपाट्यानें जातात.

झाड उतरविण्याचें काम सांगणाऱ्या गृहस्थाला ना घण मारावयाचा असतो, ना करवत धरावयाची. नागरी भागांत १९७५ च्या महाराष्ट्र अधिनियमाप्रमाणें परवानगी घेणें, जवळच्या तारांतील वीज बंद करवून घेणें आणि मजुरी देणें, एवढेंच आपलें काम असें तो समजतो. परंतु आणखी एक गोष्ट त्याच्याच हातीं असते, ती म्हणजे वेळ. सकाळीं आठ वाजतां माणसें येतात आणि अकरा वाजले तरी एक फांदीही पडलेली नसते. कोणी मेखा ठोंकीत असतो, कोणी दोराला पीळ देत असतो. मालकाला वाटतें, उगाच वेळकाढूपणा चालला आहे. तो एकदां-दोनदां टोंकतो, आणि सहा मेखांच्या जागीं दोनच लागतात. जो मुकादम झाडाकडे पाहण्याआधीं जमीन खणून पाहतो, त्याच्या हातीं काम सोंपवावें व त्याला घाई करूं नये. तुकडा कापला गेल्यावर तो कोठें पडेल हें ठरविण्याची वेळ गेलेली असते. तें त्याआधींच, खालीं मातींत ठरलेलें असतें.